रोमचा शिक्का कशासाठी?



आपल्यापैकी काही कुटुंबे आठवड्यातून एकदा आळीपाळीने एकमेकांच्या घरी जमतात. कधी पेणमध्ये, कधी रोह्याला. जपमाळ होते, शुभवर्तमानातील एखादा उतारा वाचला जातो, चहा होतो. आणि मग कोण आजारी आहे, कुणाची नोकरी सुटली आहे, याची विचारपूस होते. अशाच एका बैठकीत एका तरुणाने आम्हाला विचारले, "आपल्या गटाला रोमची मान्यता कशी मिळवायची?" कोपऱ्यात बसलेले एक आजोबा लगेच म्हणाले, "अरे, देवाचं नाव घ्यायला शिक्का कशाला लागतो?"

त्या दिवशी आम्ही दोघांनाही नीट उत्तर देऊ शकलो नाही. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. पवित्र आत्म्याचे काम माणसांच्या मान्यतेवर अवलंबून असते का? आणि नसेल, तर ही मान्यता हवीच कशाला?

आजोबांची बाजू आधी पाहू. शुभवर्तमानात योहान येशूकडे तक्रार घेऊन येतो. कुणीतरी येशूच्या नावाने भुते काढतो आहे, पण तो आपल्यातला नाही म्हणून आम्ही त्याला मना केले, असे तो सांगतो. येशू त्याला शाबासकी देत नाही. त्या माणसाला अडवू नका, असे सांगतो. ख्रिस्तसभाही तेच मानते. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर दस्तऐवज काढला. संघटना स्थापण्याचा व चालवण्याचा प्रापंचिकांचा हक्क त्यात मान्य केला आहे. १९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेत २१५ व्या कलमात हाच हक्क लिहिलेला आहे. म्हणजे चार कुटुंबांनी प्रार्थनेसाठी, सेवेसाठी एकत्र यावे, यासाठी कुणाच्याही शिक्क्याची वाट पाहायला नको. स्नानसंस्काराने मिळालेला तो अधिकार आहे.

मग तरुणाचा प्रश्न चुकीचा ठरतो का? नाही. मान्यतेची वाट कशी आहे, ते पाहू.

एका धर्मप्रांतापुरती संघटना असेल तर तिची मान्यता त्या धर्मप्रांताचे बिशप देतात. आपल्या बाबतीत मुंबईचे आर्चबिशप. देशभर पसरली असेल तर त्या देशाची बिशप परिषद. अनेक देशांत पोहोचली असेल तर रोम. आपण रोहेकरांना हे समजायला सोपे जावे. रोह्यापर्यंत मध्य रेल्वे आणि तिथून पुढे कोकण रेल्वे. रूळ तेच, गाडी तीच. पण पुढच्या वाटेची जबाबदारी दुसऱ्याकडे जाते. रोममधील हे काम पूर्वी प्रापंचिकांसाठीची परमधर्मपीठीय परिषद पाहत असे. सप्टेंबर २०१६ पासून ते प्रापंचिक, कुटुंब व जीवन या विभागाकडे आहे.

अर्ज केला आणि पत्र आले, असे तिथे होत नाही. संघटनेचा इतिहास, तिची नियमावली, कारभार कोण व कसा करतो, पैसा कुठून येतो, हे सारे मांडावे लागते. ज्या ज्या धर्मप्रांतांत ती काम करते तिथल्या बिशपांची मते घेतली जातात. नियमावली तज्ज्ञ वाचतात, दुरुस्त्या सुचवतात. पुष्कळदा पहिली मान्यता काही वर्षांपुरती, परीक्षेसाठी असते; कायमची नंतर मिळते. आणि परीक्षा कशाची? संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ च्या आपल्या प्रबोधनपत्रात पाच कसोट्या दिल्या. सभासद पवित्र जीवनाकडे वळतात का? ख्रिस्तसभेचा विश्वास जसाच्या तसा सांगतात का? पोपमहोदयांशी आणि आपल्या बिशपांशी जोडलेले राहतात का? ख्रिस्तसभेच्या प्रेषितकार्यात सहभागी होतात का? आणि समाजात न्याय व बंधुभाव वाढावा म्हणून झटतात का? या कसोट्यांत सभासदसंख्या नाही, सभागृहाचा आकार नाही, वर्गणीही नाही.

'लिजन ऑफ मेरी'चे उदाहरण घ्या. ७ सप्टेंबर १९२१ रोजी डब्लिन शहरात फ्रँक डफ हे सरकारी नोकरीतले गृहस्थ, एक धर्मगुरू आणि काही महिला प्रार्थनेसाठी जमले. गरिबांच्या इस्पितळातील रुग्णांना भेटायचे, एवढेच त्यांनी ठरवले. संघटनेचे आजचे नावसुद्धा नंतर आले. पुढे ती जगभर पसरली, अनेक पोपमहोदयांनी तिचे कौतुक केले. परंतु आंतरराष्ट्रीय संघटना म्हणून रोमचे मान्यतापत्र मिळाले ते मार्च २०१४ मध्ये. म्हणजे ९२ वर्षांनी! फ्रँक डफ १९८० सालीच देवाघरी गेले होते. त्या ९२ वर्षांत ज्या रुग्णांच्या खाटेशेजारी बसून कुणी जपमाळ म्हटली, त्यांना पत्र आले नाही म्हणून काय कमी पडले?

आपल्या देशातील उदाहरण 'जीझस यूथ'चे. १९८० च्या दशकात केरळमधील तरुण-तरुणींमध्ये ही चळवळ उभी राहिली. नोकरीसाठी आखातात व इतर देशांत गेलेल्या तरुणांनी, परिचारिकांनी ती आपल्याबरोबर नेली. २०१६ साली रोमने तिला आंतरराष्ट्रीय संघटना म्हणून मान्यता दिली. इथेही काम आधी, कागद नंतर.

तेव्हा शिक्क्याने आत्मा येत नाही, हे आजोबांचे म्हणणे खरे. पण गोष्ट इथे संपत नाही. आता आम्हाला आमचीच एक चूक सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी बाहेरगावाहून एक गट आपल्याकडे आला होता. गाणी सुंदर, प्रार्थना आवेशाची, आणि पत्रकावर ठळक अक्षरांत 'रोममान्य' असे छापलेले. आम्ही भारावलो. मिस्सानंतर आम्हीच पुढे होऊन लोकांना बोलावले. देणग्या गोळा झाल्या. एका वृद्ध मावशींनी औषधासाठी ठेवलेल्या पैशांतून नोटा काढून दिल्या, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. मान्यता कुणी दिली, कधी दिली, आर्चबिशपांना ठाऊक आहे का, हिशेब कुणाला दाखवता, यांतला एकही प्रश्न आम्ही विचारला नाही. तो गट पुन्हा दिसला नाही. पैशांचे काय झाले, ते आजवर कळले नाही. मावशींनी कधी विचारलेही नाही, आणि तेच आम्हाला अधिक बोचते.

त्या दिवशी आम्हाला कायदेसंहितेचे ३०० वे कलम माहीत असते तर बरे झाले असते. योग्य अधिकाऱ्याच्या संमतीशिवाय कुठल्याही संघटनेने स्वतःच्या नावात 'कॅथलिक' हा शब्द लावू नये, असे ते सांगते. तो नियम मावशींसारख्यांच्या विश्वासाचे रक्षण करण्यासाठी आहे.

संत पौलाची आठवण होते. त्याला प्रत्यक्ष प्रभूचे दर्शन झाले होते. शिक्क्याची गरज नव्हती असा कुणी असेल तर तोच! तरीही गलतीकरांना लिहिताना तो सांगतो की चौदा वर्षांनी आपण यरुशलेमला गेलो आणि जे शुभवर्तमान गाजवतो ते तिथल्या प्रमुखांपुढे मांडले. आपली धाव व्यर्थ तर नाही ना, हे पाहण्यासाठी. हाक देवाकडून आली होती, तरी ती आपण नीट ऐकली ना, हे पौलाने बंधूंसमोर तपासून घेतले. आम्हाला वाटते, मान्यतेचा खरा अर्थ हाच आहे. स्वतःला तपासू देण्याची ती तयारी आहे.

आपल्या भागात प्रत्येकाला सातबारा ठाऊक आहे. सातबाऱ्यावर नाव लागले म्हणून शेतात भात पिकत नाही. त्यासाठी चिखलात उतरून लावणी करावी लागते. पण सातबारा नसेल तर उद्या कुणीही येऊन शेत आपले म्हणू शकतो. शेत कसणारा दोन्ही सांभाळतो.

आणि मान्यता मिळाली म्हणजे तपासणी संपली, असेही नाही. जून २०२१ मध्ये रोमने फर्मान काढले की आंतरराष्ट्रीय संघटनांच्या मध्यवर्ती मंडळातील कार्यकाळ एका वेळी पाच वर्षांहून अधिक नसावा, आणि एका व्यक्तीने सलग दहा वर्षांहून अधिक तिथे राहू नये. संस्थापकांना काही सवलत देता येते, पण तीही रोमच्या संमतीने. काही ठिकाणी पुढाऱ्यांनी संघटना स्वतःची मालमत्ता करून टाकली, सभासदांवर अन्याय झाले, म्हणून हे करावे लागले. मान्यता असलेल्या ठिकाणीही माणूस घसरतो.

आता त्या तरुणाला आम्ही काय सांगावे? बाळा, रोमची वाट लांब आहे आणि आपल्या पाच-सात कुटुंबांना ती आज चालायची गरजही नाही. पण रोम जे प्रश्न विचारते ते आपण आजच स्वतःला विचारू शकतो. फादरांना आपण काय करतो ते सांगितले आहे का? आजाऱ्यासाठी जमवलेल्या पैशांची वही सर्वांना पाहता येते का? दरवेळी एकच जण पुढे बसतो का? नवीन आलेल्या कुटुंबाला, आदिवासी वाडीवरून आलेल्या भगिनीला, बोलायला जागा मिळते का?

आणि आजोबांना? आजोबा, देवाचे नाव घ्यायला शिक्का लागत नाही. पण देवाच्या नावाने दुसऱ्याकडे हात पसरायचा असेल, तर कुणीतरी आपल्याला विचारणारे असावे. विचारणारे नव्हते म्हणूनच मावशींच्या नोटा गेल्या.

पुढच्या बैठकीला आम्ही एक साधी वही घेऊन जाणार आहोत. जमा आणि खर्च, दोनच रकाने. महिन्याच्या शेवटी ती फादरांपुढे ठेवू, आणि मावशींच्या हातात आधी देऊ.