आधी रेंज बघ, मग बॅटरी काढ

बस इथे. शटर अर्धं ओढ. गिऱ्हाईक आलं तर थांबेल पाच मिनिटं.

हा फोन ओळखलास? मागच्या आठवड्यात तूच याची बॅटरी बदललीस आणि साडेतेराशे रुपये घेतलेस. ज्यांच्याकडून घेतलेस त्या आजी देवरुखच्या पुढे डोंगराच्या कुशीतल्या वाडीत एकट्या राहतात. काजूच्या बिया विकून आलेले पैसे त्यांनी पदराची गाठ सोडून तुझ्या हातावर ठेवले. “फोन दुपारी मरतो, मुलाचा फोन लागत नाही,” एवढंच गाऱ्हाणं होतं त्यांचं. तू फोन उघडलास, बॅटरी बदललीस आणि “आता दोन दिवस बघायला नको” म्हणून सांगितलंस. नव्या बॅटरीवरही तो दुपारीच मरतो. मुंबईत मुलगा दोन दिवस फोन लावत होता. शेवटी घाबरून त्याने शेजाऱ्यांना आईच्या दारात पाठवलं. आई धडधाकट होती, फोन तेवढा मेला होता.

आयटीआयमध्ये दोन वर्षं तू माझ्या हाताखाली शिकलास. दोष शोधल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही, हे मी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलं होतं. विसरलास? त्या आजींना तू किती प्रश्न विचारलेस? फोन घरात कुठे ठेवता, रेंज येते का, दुसरं सिम कुठलं आहे? एकही नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

मी त्यांच्या घरी जाऊन आलो. जांभ्याच्या चिऱ्यांच्या जाड भिंती, पुढे पडवीवर पत्रा, मागे डोंगर. फोन माजघरातल्या कोनाड्यात. सेटिंगमध्ये सिम स्टेटस उघडून आकडा बघितला: उणे ११८ डीबीएम. तोच फोन अंगणात तुळशीपाशी नेला, तिथे उणे ९८. काड्या मोजत बसू नकोस, किती रेंजला किती काड्या हे प्रत्येक कंपनी आपापल्या हिशेबाने ठरवते. आकडा वाच. दहा डेसिबलचा फरक म्हणजे दहापट, वीसचा म्हणजे शंभरपट. अंगणात जेवढा सिग्नल येतो त्याचा शंभरावा हिस्सा माजघरात पोचत होता. पत्रा आणि चिरा मिळून टॉवर अडवतात, आणि त्याची शिक्षा तू बॅटरीला दिलीस.

आता हे डोक्यात पक्कं बसव. बॅटरी आणि रेंज ही दोन दुखणी नाहीत, एकच आहे. टॉवर जवळ असला की फोन हलक्या आवाजात बोलतो. लांब असला की ओरडतो. ४जी फोनला साधारण २०० मिलिवॉटपर्यंत ताकद लावून सिग्नल पाठवता येतो, आणि तेवढा बाहेर टाकण्यासाठी आतला अ‍ॅम्प्लिफायर बॅटरीतून त्याच्या कितीतरी पट ओढतो. व्हॉट्सअ‍ॅपचा एक निरोप एका दमात पोचत नाही, म्हणून फोन तो पुन्हा पुन्हा पाठवतो. रेंज तुटली की नवा टॉवर शोधतो, सापडला की धरतो, पुन्हा सुटतो. स्क्रीन बंद असते, आजी झोपलेल्या असतात, आणि खिडकीबाहेर हाका मारत बसलेल्या माणसासारखा हा फोन रात्रभर दमत असतो. सकाळी हातात घेतला तर कोमट लागतो. लिथियमच्या बॅटरीला उष्णतेएवढा मोठा वैरी नाही. तू घातलेली नवी बॅटरीही तिथे अशीच झिजणार.

दुसरी गोष्ट तुझ्या डोळ्यांसमोर होती. दुसऱ्या खाचेत एक जुनं सिम आहे. रिचार्ज संपून ते कधीच बंद पडलंय. फोन त्या मेलेल्या सिमसाठीही नेटवर्क शोधत बसतो. सेटिंगमध्ये जाऊन ते सिम बंद करायला दहा सेकंद लागतात. बॅटरी काढायला तुला अर्धा तास लागला असेल. तिसरी गोष्ट, नेटवर्क ५जीवर सोडलेलं. त्या वाडीत ५जी कधी दिसतं, कधी जातं, आणि फोन दोन्हीकडे धावतो. त्याला ४जी ऑटोवर आण. ‘फक्त ४जी’ मात्र बघितल्याशिवाय करू नकोस. त्या फोनवर, त्या सिमवर ४जीवरून कॉल लागत नसतील तर फोन यायचेच बंद होतील, आणि तू बरं करायला जाऊन वाईट करशील.

म्हणशील, बॅटरी खराब नाही हे कशावरून? मोजलं म्हणून. शेजारची नववीतली मुलगी आहे, तिला वहीचं एक पान दिलं. पहिल्या रात्री फोन नेहमीसारखा कोनाड्यात ठेवला. दहा वाजता ९० टक्के, सकाळी सहाला ६१. दुसऱ्या रात्री त्याच कोनाड्यात, पण फ्लाइट मोडवर. दहाला ९०, सहाला ८८. हे बघ पान, तिच्या अक्षरातलं. फोन तोच, जागा तीच, बॅटरी तीच. फरक पडला तो नेटवर्क बंद केल्याने. ही परीक्षा फुकट आहे. बॅटरी काढण्याआधी तुला ती करता आली असती. नववीतल्या मुलीला जमलं, तुझ्याकडे तर दोन वर्षांचं प्रमाणपत्र भिंतीवर टांगलंय.

बॅटरी खरंच संपली असेल तर तिची लक्षणं वेगळी असतात. तीस टक्क्यांवरून फोन एकदम बंद पडतो. चार्जरला लावताच आकडा उडी मारतो. फ्लाइट मोडवरही रात्रीत चार्जिंग उतरतं. पाठ फुगते. फुगलेली दिसली तर मात्र क्षणभर थांबू नकोस, चार्जिंग बंद कर, टोचू नकोस, दाबू नकोस, आणि गिऱ्हाइकाला स्पष्ट सांग की हा फोन उशाशी घेऊन झोपू नका. अशा वेळी बॅटरी बदल, पैसे घे, मी तुला शब्द बोलणार नाही.

आणि त्या आजींना जाता जाता दिलेले सल्ले? “शून्यावर येऊ द्या, मगच चार्ज करा.” ही गोष्ट निकेल-कॅडमियमच्या जमान्यातली. सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली १९९१ मध्ये. तिला वीस ते ऐंशीच्या मधे राहायला आवडतं, रोज शून्यावर नेलीस तर लवकर झिजते. “मागची सगळी अ‍ॅप सारखी पुसत जा.” पुसलेलं अ‍ॅप पुन्हा पहिल्यापासून उघडताना जास्त खातं. वर बॅटरी वाचवण्याचं म्हणून एक अ‍ॅप टाकून दिलंस, ते दिवसभर जाहिराती ओढतं. जिथे डेटा ओढणं हेच महाग, तिथे तू आणखी एक ओढणारा बसवलास.

कोपऱ्यात तो खोका दिसतोय मला. रेंज वाढवणारा रिपीटर, बिगरपरवान्याचा. असा खोका विकणं आणि बसवणं दोन्ही कायद्याने गुन्हा आहे. शिवाय एका घराची रेंज वाढवताना तो टॉवरच्या कानात गोंगाट करतो आणि आख्ख्या वाडीचे कॉल तुटतात. आजच परत पाठव. ज्याच्या घरी ब्रॉडबँड आहे त्याला वाय-फाय कॉलिंग चालू करून दे, कॉल घरातल्या वाय-फायवरून जाईल आणि टॉवरची गरजच उरणार नाही. ज्याच्याकडे नाही त्याला घरातली चांगली जागा शोधून दे. दुसऱ्या कंपनीची रेंज तिथे बरी असेल तर सिम पोर्ट करायला सांग. यातलं कशालाच पार्ट लागत नाही, म्हणून तुझ्या तोंडून निघत नाही. हेच मला लागलंय. चूक कुणाच्याही हातून होते. पण न बघता पैसे घेणं ही चूक नाही, सवय आहे, आणि ती लागली की कारागिराचा दलाल होतो.

मी या फोनमध्ये काहीही बदललेलं नाही. सिम तसंच आहे, ५जी तसंच, तुझं अ‍ॅपही तसंच. ते तू करायचंस. उद्या सकाळच्या एसटीने वाडीवर जा. साडेतेराशे रुपये आधी आजींच्या हातात दे. नवी बॅटरी फोनमध्येच राहू दे, तिची किंमत तू सोस. मग फोन घेऊन ओटी, पडवी, माजघर, परसदार सगळं फिर, प्रत्येक ठिकाणी मिनिटभर थांब आणि आकडा लिहून घे. जिथे सगळ्यात बरा येईल तिथे, ऊन-पाऊस लागणार नाही अशा बेताने, भिंतीला एक फळी ठोक. हातोडी-खिळे घरून ने, त्यांच्याकडे मागू नकोस.

फोन त्या फळीवर ठेव आणि मुलाला मुंबईहून फोन लावायला सांग. तो वाजेपर्यंत तिथून उठायचं नाही.