जागा शेवटी येते

ऑनलाइन धंद्यात माल संपत नाही. एकदा तयार केलेला अभ्यासक्रम किंवा एकदा लिहिलेलं सॉफ्टवेअर पहिल्या गिऱ्हाइकाला विकलं तसंच हजाराव्यालाही विकता येतं. आज विक्री झाली नाही तर उद्या होते. को-वर्किंगच्या, म्हणजे अनेकांनी एकत्र बसून आपापलं काम करण्याच्या, जागेचं गणित वेगळं आहे. तीस खुर्च्या मांडल्या तर एकतिसावा माणूस बसवता येत नाही, आणि मंगळवारी रिकामी राहिलेली खुर्ची बुधवारी विकता येत नाही; तो मंगळवार गेला तो गेलाच. भाडं मात्र दर महिन्याला पूर्ण द्यावं लागतं. त्यामुळे ऑनलाइन धंद्यात जम बसलेला माणूस अशी जागा उभारायला निघतो, तेव्हा विक्री वाढवण्याचं त्याचं कसब इथे फार पुरत नाही. त्या धंद्याने त्याला दिलेली दुसरी एक गोष्ट मात्र मोलाची ठरते. ती कोणती, हे समजण्यासाठी आधी गिऱ्हाईक पैसे कशाचे देतं ते पाहायला हवं.

टेबल घरी असतं, वायफाय असतं, चहाही असतो. तरीही माणूस बाहेर पडतो. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची मुलं एका खुर्चीसाठी महिन्याचे पैसे भरतात. पुस्तकं स्वतःची, जेवण मेसचं. खोलीवर बसूनही वाचता आलं असतं. पण शेजारचा मान खाली घालून वाचत असतो आणि आपलंही मन पानावर टिकतं. एक दिवस आपण गेलो नाही तर कुणीतरी विचारतं, ‘काल दिसला नाहीस?’ त्या खुर्चीची किंमत या सोबतीत आहे. एकट्याने लॅपटॉपवर काम करणाऱ्यालाही हीच सोबत हवी असते. आणि सोबत फर्निचरसारखी आणून मांडता येत नाही; माणसं पुन्हा पुन्हा भेटत राहिली तरच ती तयार होते. त्याला वेळ लागतो.

किती संयम लागतो, हे को-वर्किंगच्या कल्पनेच्या आरंभीच दिसलं. 2005 साली सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्ग या प्रोग्रॅमरला स्वतंत्र कामाची मोकळीकही हवी होती आणि ऑफिसातली माणसंही. त्याने ‘स्पायरल म्यूझ’ नावाच्या महिलांच्या एका केंद्रात महिना 300 डॉलरवर आठवड्यातले दोन दिवस जागा घेतली. त्या दिवशी जायचं, घडीची टेबलं मांडायची, वाट पाहायची. पहिला महिनाभर कुणीही आलं नाही. तो मात्र येत राहिला. पुढे एक जण आला, मग हळूहळू आणखी आले. दोनच दिवसांचं भाडं होतं, म्हणून तो रिकामा महिना त्याला परवडला. संपूर्ण मजला घेतला असता तर वाट पाहणं शक्यच झालं नसतं.

मोठा मजला घेणाऱ्याला घाई करावीच लागते. को-वर्किंगच्या जागा चालवणाऱ्या वीवर्क या कंपनीने 2019 मध्ये शेअर बाजारात उतरण्यासाठी कागदपत्रं दाखल केली, तेव्हा पुढच्या वर्षांसाठी मान्य केलेलं भाडं सुमारे 47 अब्ज डॉलर होतं. सभासदांकडून करारान्वये पक्कं येणं मात्र सुमारे 4 अब्ज. जागेचे करार वर्षानुवर्षांचे आणि सभासद थोड्या मुदतीचे, या तफावतीचा भार सतत नवी गिऱ्हाइकं आणून पेलायचा होता. नोव्हेंबर 2023 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. एक जागा चालवणाऱ्यालाही याच प्रश्नाला तोंड द्यावं लागतं, फक्त आकडे लहान असतात.

यातून वाट काढायची तर क्रम उलटा करावा लागतो. फिलाडेल्फियात अ‍ॅलेक्स हिलमन आणि जेफ डिमासी यांनी 2007 मध्ये ‘इंडी हॉल’ ही को-वर्किंगची जागा सुरू केली. जागा भाड्याने घेण्याआधी शहरातली एकेकटी काम करणारी माणसं एकमेकांना भेटू लागली होती. जागा घेतली तेव्हा तिथे कोण बसणार हे ठाऊक होतं. याच शहरात 1727 मध्ये बेंजामिन फ्रँकलिन या मुद्रकाने कारागीर-व्यापारी मित्रांचं एक मंडळ काढलं होतं. आधी भेटीगाठी, मग बसायला खोली, आणि त्या मैत्रीतून 1731 मध्ये वर्गणीदारांचं ग्रंथालय. तिथेही माणसं आधी आली होती.

हिलमनने पुढे इंडी हॉलच्या जोडीने अ‍ॅमी हॉय यांच्याबरोबर ऑनलाइन अभ्यासक्रमांचा व्यवसायही केला. या दोन धंद्यांची जोडी मला फार अर्थपूर्ण वाटते. ऑनलाइन धंदा जागा चालवणाऱ्या यजमानाला सवड देतो. घर त्या उत्पन्नावर चालतं, म्हणून सभासद मिळवण्यासाठी वाटेल त्याला आत घ्यावं लागत नाही, आणि दहा माणसं एकमेकांना नावाने ओळखू लागेपर्यंत थांबता येतं. शिवाय तो स्वतःचं काम त्याच टेबलावर बसून करतो. म्हणजे पहिला सभासद तोच. पण त्या उत्पन्नातून जागेचं भाडं वर्षानुवर्षं भरू नये. भाडं बाहेरून भागत राहिलं की लोकांना ही जागा खरोखर हवी आहे का, हे कळण्याचा मार्गच बंद होतो. धंद्याच्या पैशाने यजमानाचा वेळ विकत घ्यावा; भाडं सभासदांच्या वर्गणीतूनच निघायला हवं.

2020 मध्ये महासाथ आली आणि इंडी हॉलने आपली जागा सोडली. सभासद मात्र ऑनलाइन एकमेकांना भेटत राहिले. भिंती गेल्यावरही जे टिकलं, ते इतकी वर्षं उभारलं जात होतं.

सांगली, नाशिक, लातूर अशा शहरांत आज घरबसल्या दूरच्या गिऱ्हाइकांचं काम करणारी मुलं-मुली आहेत, आणि ती एकेकटी आहेत. त्यांच्यातल्या कुणाला अशी जागा उभारावीशी वाटत असेल तर त्याने गाळा शोधण्यापासून सुरुवात करू नये. वाचनालयाचं किंवा एखाद्या संस्थेचं सभागृह आठवड्यातून एक दिवस मागावं, स्वतःचं काम घेऊन तिथे बसावं, ओळखीच्या चौघांना बोलवावं, आणि कुणी आलं नाही तरी पुढच्या आठवड्यात त्याच दिवशी जावं. येणारी माणसंच एक दिवस म्हणतील की आठवड्यातून एकदा पुरत नाही, आम्ही वर्गणी काढतो. भाडेकरारावर सही करायची वेळ तेव्हा आलेली असते.