धुराची अभिरुची

आपल्या समीक्षेची परिभाषा जिभेवरून आली आहे याचा आपल्याला सहसा विसर पडलेला असतो. रस, आस्वाद, चर्वणा, रुची हे सारे शब्द आधी पानावरचे आणि मग पोथीतले. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसकल्पना समजावून देताना नाना व्यंजनांनी युक्त अन्न चाखणाऱ्या सुमनस माणसाचाच दृष्टान्त घेतला होता. पुढच्या मीमांसेत दृष्टान्त मागे पडला आणि सिद्धान्त तेवढा उरला. त्या दृष्टान्ताकडे पुन्हा वळावेसे वाटले ते एका अगदीच असाहित्यिक निमित्ताने.

एक प्राध्यापकमित्र स्कॉटलंडहून परतले. येताना त्यांनी तिथल्या आयला बेटावरची सिंगल माल्ट व्हिस्की आणली होती. पेला नाकाशी नेताच मला इस्पितळाचा व्हरांडा आठवला. मी विचारले, "हिच्यात काही पडलंय का?" ते म्हणाले, "पडलेलं नाही, घातलेलं आहे."

इस्पितळाची आठवण अगदी निराधार नव्हती. जोसेफ लिस्टरने १८६५ मध्ये ग्लासगोत जखमांवर वापरलेले कार्बोलिक ॲसिड म्हणजे फिनॉल; आणि पीट जाळल्यावर जो धूर निघतो त्यात फिनॉल, क्रेसॉल, ग्वायाकोल हीच मंडळी असतात. पीट म्हणजे दलदलीत शेकडो वर्षे अर्धवट कुजत, दबत गेलेल्या शेवाळा-गवताचा थर. त्याच्या विटा कापून वाळवायच्या आणि सरपण म्हणून जाळायच्या. बार्ली भिजवून तिला मोड आले की ते वेळीच थांबवण्यासाठी धान्य भट्टीत वाळवावे लागते. बेटावर झाडे विरळ, कोळसा आणायचा तर समुद्रमार्गे. तेव्हा भट्टीत पीट, आणि ओलसर धान्यात पीटचा धूर. कोणा रसिकाची मागणी त्यामागे नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पेसाइडच्या खोऱ्यात आगगाडीने दगडी कोळसा आणि कोक पोचू लागला, तशी तिथल्या व्हिस्कीतला धूर ओसरत गेला.

बेटांवर तो राहिला, पण दीर्घकाळ त्याचे मुख्य काम मिश्र व्हिस्कीला फोडणीपुरता धुराचा झणका देण्याचे होते. मागणी घटली तशी १९८१ मध्ये आर्डबेग आणि १९८३ मध्ये पोर्ट एलन या डिस्टिलऱ्या बंद पडल्या. त्यानंतर वारे फिरले. आर्डबेग १९९७ मध्ये नव्या मालकांनी विकत घेऊन चालती केली. पोर्ट एलन २०२४ मध्ये पुन्हा उघडली. आता धूर मोजून विकला जातो. माल्टमध्ये दशलक्ष भागांत फिनॉल किती, याचा आकडा जाणकार तोंडपाठ सांगतात. ऑक्टोमोर नावाच्या एका व्हिस्कीने ३०० चा टप्पाही ओलांडला. (ही मोजणी वाळलेल्या माल्टची असते, पेल्यात त्याहून पुष्कळच कमी उतरते, हे सांगण्याचा उत्साह मात्र कमी दिसतो.)

ह्यूमने १७५७ च्या अभिरुचीविषयक निबंधात 'डॉन किहोते'मधल्या सँकोच्या दोन नातलगांची गोष्ट सांगितली आहे. पिंपातली वाइन चाखून एक म्हणाला, किंचित चामड्याची चव आहे. दुसरा म्हणाला, लोखंडाची. लोक हसले. पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामडी वादीला बांधलेली किल्ली निघाली. सूक्ष्म अभिरुची म्हणजे काय याचे हे ह्यूमचे उदाहरण. परंतु त्यात एक गोष्ट गृहीतच धरलेली आहे : किल्ली हा दोष होता. आयलाच्या पिंपात किल्ली मुद्दाम टाकली जाते आणि ती ओळखणे हेच रसिकत्व ठरते. ह्यूमचा जाणकार किल्ली 'आहे' एवढे सांगू शकतो. ती असावी की नसावी, हे त्याच्या जिभेला सांगता येत नाही.

ते सांगते परंपरा, असे उत्तर बाटलीवरचे लेबल देते. हॉब्सबॉम आणि रेंजर यांनी १९८३ मध्ये संपादित केलेल्या 'परंपरांचा शोध' या आशयाच्या ग्रंथात ट्रेव्हर-रोपर यांनी स्कॉटिश किल्टचे प्राचीनत्व कसे उत्तरकाळात रचले गेले ते दाखवले आहे. पीटलाही त्याच रांगेत उभे करणे सोपे आहे. मला ते पटत नाही. पीट खरोखरच जळत होते. येथे नवी रचली गेली ती कृती नव्हे, तर कृतीमागचे कारण. पूर्वी धूर टाळता येत नव्हता म्हणून होता. आज टाळता येत असूनही ठेवला जातो. बेटावरच्या बहुतेक डिस्टिलऱ्या आपले धूरमाखले माल्ट १९७३ मध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या यांत्रिक कारखान्यातून घेतात. लॅफ्रॉइग, बोमोर यांसारख्या थोड्याच जागी त्याचा काही भाग फरशीवर पसरून हातांनी तयार होतो. अपरिहार्यतेच्या जागी निवड आली, आणि निवडीतूनच कलारूप संभवते, असे म्हणून हा निबंध येथेच थांबवता आला असता.

पण धूर फक्त भट्टीत नव्हता. हेब्रिडीज बेटांवरच्या जुन्या काळ्या घरांना धुराडे नसे. मध्यभागी पीट धुमसत राही, धूर गवताच्या छपरातून वाट काढी आणि माणसे व गुरे त्याच छपराखाली राहत. त्या माणसांना धुराची 'अभिरुची' होती असे म्हणणे मला अवघड वाटते. आपल्याकडे महामार्गावर 'चुलीवरचे जेवण' अशा पाट्या लागतात. जिने निम्मे आयुष्य फुंकणीवर घालवले त्या माझ्या आईने अशा एका ठिकाणी आमटी चाखली आणि ती म्हणाली, "धुरकटली आहे." तिच्या कोशात तो दोषवाचक शब्द होता.

करुण आस्वाद्य का होतो, याला साधारणीकरणाचे उत्तर आहे : रंगभूमीवरचा शोक माझा नसतो, तसा तो कुणा एकाचाही उरत नाही. येथे ते उत्तर लंगडे पडते, कारण धुराने चुरचुरणारे डोळे विशिष्ट माणसांचे होते. म्हणून आस्वाद निषिद्ध ठरतो असे मी म्हणत नाही. 'ही मला रुचते' एवढेच म्हणणाऱ्याकडे, कांटने कॅनरी वाइनच्या उदाहरणात सांगितल्याप्रमाणे, कोणी जाब मागू शकत नाही. पण 'या घोटात मी त्या बेटाचे जगणे चाखतो' असे म्हणताच विधान रुचीचे राहत नाही, ते दुसऱ्याच्या आयुष्याविषयीचे होते. आणि अशा विधानाला खरे-खोटे लागू होते.

या दृष्टीने गोव्याचे उदाहरण मला अधिक प्रामाणिक वाटते. तिथली पॉल जॉन डिस्टिलरी स्कॉटलंडहून आणलेले पीट वापरून धुराची सिंगल माल्ट बनवते. आपल्या देशीवादाच्या वादांत माती हा शब्द लक्षणेने वावरला. येथे माती शब्दशः जहाजातून येते. ही नक्कल आहे, असे कोणी म्हणेल. मला वाटते, गोव्यात त्या धुरामागे कुणाचीही चूल नसल्यामुळे तो केवळ गंध म्हणून समोर येतो आणि आठवणींचा आव आणू शकत नाही.

राहतो प्रश्न पीटचा. दलदलीत त्याचा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, म्हणजे मीटरभर थराला हजार वर्षे. आणि त्यात कोंडलेला कार्बन जाळल्यावर हवेत जातो. बागकामासाठी याहून कितीतरी अधिक पीट उपसले जाते, असा बचाव मित्राने केला. तो खराही आहे. पण धुराचा आनंद घेण्यासाठी आम्हाला भट्टी पेटती हवी, आणि अपरिहार्यता संपल्यावरही ती पेटती ठेवण्याचे कारण आता केवळ आमची जीभ आहे, हे त्याने बदलत नाही. बाटली अजून निम्मी आहे. ते आले की ती निघते, आणि मी घेतोही.