निरुपयोगी ठरविण्याचा अधिकार

ज्या वस्तूचें प्रयोजन आपणांस कळत नाहीं, तिला प्रयोजनच नाहीं असें म्हणण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला? जीवशास्त्राच्या अलीकडील इतिहासाचा एक लहानसा भाग वाचतांना हा प्रश्न आम्हांस पडला. डीएनएवर लिहिलेल्या मजकुराची आरएनए ही नक्कल, आणि नकलेवरून प्रथिन, हा क्रम आतां शाळकरी मुलांसही पाठ असतो. परंतु मनुष्याच्या समग्र मजकुरापैकीं प्रथिनांचा पाठ सांगणारा भाग शेंकडा 2 देखील नाहीं. उरलेल्याची वासलात कशी लावावयाची? 1972 मध्यें सुसुमु ओनो यांनीं ‘भंगार डीएनए’ हा शब्द रूढ केला, आणि पुष्कळांचें तेवढ्यानें समाधान झालें. नांव सांपडलें कीं शोध थांबवावयाचा, ही पंडितांची जुनी खोड आहे.

1993 सालीं व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रव्हकन यांनीं सुमारें एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीविषयीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच्या ‘लिन-4’ या जनुकापासून प्रथिन मुळींच होत नव्हतें. होत होता तो केवळ 22 अक्षरांचा आरएनएचा तुकडा. ‘लिन-14’ या दुसऱ्या जनुकाच्या नकलेच्या शेपटाशीं जेथें अक्षरें जुळतात तेथें तो चिकटतो, आणि तिच्यावरून प्रथिन होऊं देत नाहीं. तें वेळेवर थांबलें नाहीं, तर कृमीची वाढ बाल्यावस्थेंतच घोटाळत राहते. स्वतः कांहींएक न घडवितां दुसऱ्यास योग्य क्षणीं ‘पुरे’ म्हणणें, एवढेंच या तुकड्याचें काम! ही कृमीचीच एक लहर असावी, असें समजून विद्वानांनीं सात वर्षें तिकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. 2000 मध्यें रव्हकन यांच्या प्रयोगशाळेनें ‘लेट-7’ हा तसाच तुकडा मनुष्यासह अनेक प्राण्यांत असल्याचें दाखविलें. 2024 मध्यें दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें.

यावरून सृष्टींत निरर्थक असें कांहींच नाहीं, असा भाविक सिद्धान्त काढण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. 2012 मध्यें एन्कोड प्रकल्पानें मनुष्याच्या डीएनएपैकीं शेंकडा 80 भागास कांहींना कांहीं जैवरासायनिक कार्य असल्याचें जाहीर केलें, तेव्हां टीकाकारांनीं कांद्याकडे बोट दाखविलें. कांद्याचा डीएनए आपल्या सुमारें पांचपट! त्यास आपणांहून पांचपट कारभार असतो काय? प्रश्न बिनतोड आहे. भंगार खरोखरच असूं शकतें. आमचा आक्षेप तो शब्द उच्चारण्याच्या घाईस आहे. ‘हें निरुपयोगी आहे’ आणि ‘याचा उपयोग मला दिसला नाहीं’ हीं दोन निराळीं वाक्यें आहेत, आणि पहिल्यास पुरावा लागतो. आम्हीं इतकीं वर्षें उत्तरपत्रिका तपासल्या. वर्गांत तोंड न उघडणाऱ्या किती मुलांपुढें आम्हीं पहिलें वाक्य लिहिलें, याचा हिशेब आतां लागत नाहीं. त्यांपैकीं एक-दोघे पुढें भेटले. तो शेरा त्यांच्या लक्षांत होता, आमच्या नव्हता.