आयुष्याचा विसावा हिस्सा



गेल्या पौर्णिमेला वंदना आटोपल्यावर एक उपासिका विहारात मागे थांबल्या. त्यांचा मुलगा यंदा बी. ए. झाला. त्याला आणि त्याच्या तीन मित्रांना एक वर्ष शेजारच्या तालुक्यातील एका वस्तीवर राहून मुलांची अभ्यासिका चालवायची आहे, आणि तीही पगार न घेता. बाई म्हणाल्या, "गुरुजी, आमच्या आजेसासऱ्यांनी पाटलाच्या दारात लाकडं फोडली, सांगावे पोचवले, मेलेली ढोरं ओढली. सगळं फुकट. आता शिकलेल्या पोरानंबी फुकटच राबायचं का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. त्यामागे पिढ्यांची वेठबिगार उभी आहे. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात महार वतनाविरुद्ध बिल मांडले. ते वतन मुंबई राज्यात कायद्याने जाण्यास 1959 साल उजाडावे लागले. फुकट राबण्याचा ज्यांच्या रक्ताला एवढा अनुभव, त्यांना सेवेचा उपदेश करणाऱ्याने आधी वेठ आणि सेवा यांतला फरक सांगितला पाहिजे. पैसा मिळत नाही, हे तर दोन्हीकडे सारखेच आहे. फरक आहे तो सोबतीचा. वेठीला लावणारा ओट्यावर बसलेला असतो आणि राबणारा अंगणात उभा असतो. सेवेला निघालेले एका पंक्तीत बसतात, एका मडक्यातले पाणी पितात, आणि नको वाटले तर उठून जाण्यास मोकळे असतात.

पाण्यावरून आठवले. कोसंबीच्या भिक्षूंचे भांडण तुम्ही ऐकले असेल. अट्ठकथा सांगते की शौचाच्या जागी एकाने भांड्यात पाणी शिल्लक ठेवले, दुसऱ्याने दोष काढला, आणि तेवढ्यावरून संघात दोन तट पडले. तथागतांनी समजावले, तरी कोणी ऐकेना. तेव्हा ते कोसंबी सोडून निघाले आणि प्राचीनवंसदाय नावाच्या वनात आले. तेथे अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तिघे एकत्र राहत होते. भगवंतांनी विचारले, तुम्ही एकोप्याने, आनंदाने राहता ना? त्यांनी सांगितलेली रीत ऐकण्यासारखी आहे. भिक्षा घेऊन जो आधी परते तो आसने मांडी, पिण्याचे पाणी ठेवी. जो मागाहून येई तो सगळे आवरून जागा झाडी. ज्याला घडा रिकामा दिसे तो भरी. एकट्याला पेलला नाही तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलावी, आणि दोघे मिळून उचलीत. त्यासाठी एक शब्दही बोलावा लागत नसे. दर पाचव्या रात्री मात्र तिघे रात्रभर धम्मावर बोलत बसत. कोसंबीला भांड्यातल्या पाण्याने संघ फुटला, येथे घड्यातल्या पाण्याने मैत्री घट्ट झाली! एका खोलीत वर्षभर राहणाऱ्या चार तरुणांना याहून मोठा सुत्त मी काय सांगू? घडा कोणी भरायचा, यावरच त्यांचे वर्ष तरेल किंवा बुडेल.

आता अलीकडची गोष्ट घ्या. श्रीलंका हा बौद्ध देश. पण तेथेही रोडिया नावाची जमात गावाबाहेर ठेवलेली होती. भीक हाच तिचा धंदा ठरवून दिलेला. रॉबर्ट नॉक्स या इंग्रज खलाशाने 1681 सालच्या आपल्या पुस्तकात लिहिले आहे की या लोकांना विहिरीचे पाणी भरू देत नसत. महाडचे चवदार तळे आठवले ना? 1958 साली कोलंबोच्या नालंदा कॉलेजातील ए. टी. अरियरत्ने या तरुण शिक्षकाने आपले विद्यार्थी कनातोलुवा या रोडियांच्या गावी नेले. ती चांगल्या घरची मुले. सुट्टीत त्या वस्तीत राहिली, तेथेच जेवली आणि वस्तीतल्या लोकांबरोबर माती उपसली. त्यातूनच सर्वोदय श्रमदान चळवळ उभी राहिली. 'सर्वोदय' हा शब्द गांधीजींकडचा म्हणून कोणी नाक मुरडील. खुशाल मुरडावे, पण काम पाहून मुरडावे. या चळवळीने कामाचा पाया धरला तो सिगालोवाद सुत्तातील दान, प्रियवचन, अर्थचर्या आणि समानत्तता या चार गोष्टींचा. शिबिरात कोणी कोणाला जातीवरून हाक मारायची नाही. अम्मा, ताता, अय्या, अक्का, म्हणजे आई, बाबा, दादा, ताई, असेच म्हणायचे. आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ सारे एकत्र बसायचे, घटकाभर मौन धरायचे, मग गाणी, नाच, गप्पा. अरियरत्ने 2024 साली वारले.

नाच म्हटल्यावर काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. पोरे सेवेच्या नावाखाली हसत-खिदळत बसतात, अशी तक्रार माझ्याकडे नेहमी येते. बसू द्या की! मैत्री आणि करुणा यांच्या पाठोपाठ भगवंतांनी मुदिताही सांगितली आहे. आपली चळवळ खेड्यापाड्यांत पोचली ती नुसत्या सभांनी नव्हे, जलशांनीही पोचवली, आणि त्या फडात माणसे पोट धरून हसत. दिवसभर राबून रात्री जे चौघे हसू शकत नाहीत, त्यांचे तिसऱ्या महिन्यात भांडण झालेच म्हणून समजा.

मात्र त्या आईची काळजी खोटी नाही. घरात दुसरा मिळवता नसेल, कर्ज डोक्यावर असेल, तर मुलाने आधी घर सावरावे; आईबापांची सेवाही त्याच सिगालोवाद सुत्तात सांगितली आहे. पण दोन घास सुखाचे मिळत असतील तर एक हिशेब करून पाहा. 15 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला मागितला होता. वीस वर्षांच्या मुलाजवळ मिळकत नाही, वर्षे आहेत. विसांचा विसावा हिस्सा किती?

बाईंनी बोटांवर मोजले आणि हसल्या. होकार मात्र दिला नाही. म्हणाल्या, "पुढच्या पुनवंला त्या तिघांना घेऊन या जेवायला. पोरं कशी हायत ते बघते, मग बोलू."