शून्य नेमकं कुठलं?

मी पुण्यात जहाजांच्या प्रदूषणाचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर लिहितो. बंदरात उभं असलेलं जहाजही दिवे, पंप आणि थंड कंटेनर चालवण्यासाठी इंजिन सुरू ठेवतं. त्याऐवजी त्याने किनाऱ्यावरची वीज घेतली, की आमच्या तक्त्यात तेवढ्या तासांपुढे शून्य उमटतं. ते शून्य मीच टाकलंय.

दिवाळीत घरी कौतुकाने सांगितलं. आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, तिरोड्याजवळ. गच्चीवरून औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. कोळशावरचं ३,३०० मेगावॅटचं केंद्र. बाबा तिकडे बघत म्हणाले, "मंग तो धूर गेला कुठं?"

ग्रिडमधल्या विजेवर गावाचं नाव नसतं, पण राज्यातली बरीचशी वीज अजून कोळशाचीच आहे. म्हणजे जहाजाचं शून्य कुठेतरी दुसऱ्याच्या खात्यात जमा होतं. बंदराजवळच्या दाट वस्तीतली काजळी आणि गंधकाचा धूर कमी झाला, तर तिथल्या फुप्फुसांना खरंच आराम मिळतो. हा फायदा मी नाकारत नाही. पण कार्बन डायऑक्साइडला न्हावा शेवा काय आणि तिरोडा काय, सारखंच.

इंधनांचंही तेच. १ जानेवारी २०२० पासून जहाजाच्या इंधनातल्या गंधकाची जागतिक मर्यादा ३.५ वरून ०.५ टक्क्यांवर आली. काही जहाजांनी जुनंच जड तेल ठेवून धूर धुणारी यंत्रं बसवली. त्यातल्या काहींचं धुतलेलं पाणी थेट समुद्रात जातं. हवा सुटली, समुद्र अडकला.

२०२३ मध्ये 'लॉरा मर्स्क' हे मिथेनॉलवर चालणारं पहिलं कंटेनर जहाज आलं. पण मिथेनॉल कोळशापासूनही बनतं आणि शेतातल्या काडीकचऱ्यापासूनही. इंजिनाला फरक कळत नाही. हवेला कळतो: पिकाने कार्बन नुकताच हवेतून घेतलेला असतो, कोळशाने कोट्यवधी वर्षांपूर्वी.

मग आमच्या धानाचं तणस द्यावं का? बाबांसाठी तो कचरा नाही, गुरांचा चारा आहे. 'टाकाऊ' कशाला म्हणायचं, हे सहसा दुरून ठरतं.

यावरून पर्यायी इंधनं नकोत असं मी म्हणणार नाही. जगाच्या हरितगृह वायूंपैकी सुमारे ३ टक्के जहाजांतून येतात, ते कमी व्हायलाच हवेत. पण त्रास कमी करणं आणि त्रास हलवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हलवणंही कधी योग्य असू शकतं. फक्त ज्याच्या दारात हलवलं, त्याचं नाव हिशोबात हवं.

परतल्यावर मी तक्त्यात एक रकाना वाढवला: वीज किंवा इंधन बनताना झालेलं उत्सर्जन. सर म्हणाले, "ग्राहकाला शून्य आवडतं रे." खरंय. म्हणून शून्य मी पुसलं नाही. त्याच्या शेजारी बाबांच्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात लिहिलं. तो बदल अजून मंजूर झालेला नाही.