आणखी एक वर्ष



प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या आठवड्यात आपण सगळेच मोठे शूर असतो. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागते आणि निर्धारांना पूर येतो. कुणी दारू कायमची सोडतो, कुणी रोज पहाटे उठून बायबल वाचायचे ठरवतो, कुणी पुन्हा कधीच न रागावण्याची शपथ घेतो. तिसरा आठवडा उजाडेपर्यंत बहुतेक शपथा मोडलेल्या असतात. त्याचे आम्हां धर्मगुरूंना नवल वाटत नाही, कारण आमच्याही मोडतात. वाईट याचे वाटते की, शपथ मोडलेला माणूस आधी मागच्या बाकावर बसू लागतो आणि मग मिस्साला येईनासाच होतो.

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू येशूने अंजिराच्या झाडाचा दाखला दिला आहे. तीन वर्षे फळ नाही म्हणून मालक झाड तोडायला सांगतो. माळी आणखी एका वर्षाची सवलत मागतो. त्या वर्षात तो काय करणार? भोवती खणणार आणि खत घालणार, एवढेच. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. आळे करायचे, शेणखत टाकायचे, पाणी द्यायचे आणि थांबायचे. फांदी ओढून फळ येत नाही.

या कामाचे उदाहरण आपल्याच धाराशिव जिल्ह्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे जमीनदोस्त केली. त्यानंतरच्या पुनर्वसनातून 'स्वयम् शिक्षण प्रयोग' ही महिलांसोबत काम करणारी संस्था उभी राहिली. पुढे दुष्काळाची वर्षे आली. २०१६ साली तर शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. शेतात नगदी पीक, विहीर कोरडी आणि घरात भाजीसुद्धा विकतची, अशी अनेक घरांची गत होती. तेव्हा तुळजापूर तालुक्यातील गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे यांच्यासारख्या महिलांनी एक साधी गोष्ट गावोगाव नेली. सगळी शेती बदला, असे त्यांनी घरच्यांना सांगितले नाही. एक एकर, नाहीतर अर्धा एकर आमच्या हाती द्या, एवढेच मागितले. त्या तुकड्यात घरी खाण्याजोगे धान्य, कडधान्य, भाजीपाला लावला. खत घरचे, पाणी मोजके. घरचे खाऊन उरलेले बाजारात गेले. २०१७ साली या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. आम्हांला मात्र पुरस्कारापेक्षा ती मागणी मोठी वाटते. सगळे रान मागितले असते, तर बहुधा बांधावरच भांडण होऊन विषय संपला असता.

आपल्या स्वभावाचेही तसेच आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा विचार आम्ही घोकला होता: चांगली कृत्ये पुन्हा पुन्हा करतच माणूस चांगला होतो. घोकला खरा, पण कळला तो पुढे, माणसांत वावरताना. संत इग्नाशियस लोयोला यांनी त्यासाठी फार व्यवहारी रीत सांगितली आहे. एका वेळी एकच दोष निवडायचा. सकाळी उठताच त्याची आठवण करायची. दुपारी आणि रात्री जेवणानंतर, तो किती वेळा घडला ते मोजून कागदावरच्या रेघेवर तितके ठिपके द्यायचे. दोष घडला की त्याच क्षणी हात छातीवर ठेवायचा. चारचौघांतही ते कुणाच्या लक्षात येत नाही. मग कालच्या ठिपक्यांशी आजचे, गेल्या आठवड्याशी हा आठवडा ताडून पाहायचा. आठ ठिपक्यांचे सहा झाले, तर त्याबद्दल देवाचे आभार मानायचे.

पण इथे एक गैरसमज होऊ शकतो. 'हळूहळू' म्हणजे पापाला हप्ते बांधून देणे नव्हे. बायकोवर हात उचलणाऱ्याने या महिन्यात थोडे कमी मारावे, असे ख्रिस्तसभा कधीही सांगणार नाही. ते आजच थांबले पाहिजे, आणि त्या माउलीनेही ते मुकाट्याने सोसू नये. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली कुटुंबाविषयीच्या पत्रात हाच भेद स्पष्ट केला: माणूस पायरीपायरीने चढतो, पण म्हणून देवाची आज्ञा ज्याच्या त्याच्या सोयीने लहान होत नाही.

दारूबाबतही दोन शब्द. रोज भरपूर पिणाऱ्याने शपथेच्या भरात एकदम दारू तोडली, तर थरकाप सुटतो, कधी झटकेही येतात. त्यामुळे आधी डॉक्टरांना गाठा. त्यात श्रद्धा कमी पडल्यासारखे काही नाही. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेतील लोक आयुष्यभराची शपथ घेत नाहीत, फक्त आजचा दिवस न पिण्याचे ठरवतात. उद्याचे उद्या. आणि घरच्यांनो, पंधरा दिवसांनी तो घसरला, तर 'आम्हांला ठाऊकच होते' हे वाक्य ओठांवर येईल, ते गिळा.

या आठवड्यात प्रत्येकाने वहीचा एक कागद घ्यावा, सात रेघा ओढाव्यात आणि एकच दोष निवडावा. कागदावर नाव लिहू नये, दोषही लिहू नये, ठिपके पुरेत. पापनिवेदनाला येताना तो खिशात असू द्या. आमचाही एक कागद आहे. परवाच्या दिवसाच्या रेघेवर पाच ठिपके आहेत.